पाचवं काज

हवा बदलायला म्हणून माणूस महाबळेश्वरला जातो, नाहीच जमलं तर चिखलदऱ्याला जातो. मे महिन्यात हवा बदलायला औशाहून नांदेडला जाणारं जोडपं आख्ख्या मराठवाड्यात एकच निघालं असेल. खाजामियाँ टेलर आणि त्यांच्या घरच्या हुसेनबी. औशाला बेचाळीस, नांदेडला चव्वेचाळीस. एस.टी.तून उतरल्या उतरल्या हुसेनबी म्हणाल्या, "अजी, हवा बदलली खरी, पण कुण्या बाजूला?"

पण हसू नका त्यांना. एप्रिलात हुसेनबी दोनदा पडल्या होत्या. एकदा नळावर, एकदा पापड वाळत घालताना. औशाच्या डॉक्टरनं खाजामियाँला बाहेर बोलावून सांगितलं, "चाचा, बारा ते पाच यांना गार जागी ठेवा. तिसऱ्यांदा पडल्या तर उठतील याची गॅरंटी मी देत नाही." आणि खाजामियाँचं घर पत्र्याचं. त्या दिवसापासून या माणसाच्या डोक्यात दुसरा विषय नव्हता. बारा ते पाच, गार जागा.

लेक नाझनीन नांदेडला विम्याच्या ऑफिसात. तिनं फोनवरच हुकूम सोडला, "अब्बा, अम्मीला घेऊन निघून या. माझ्याकडं एसी हाय." एसी होता, पोरगी खोटं बोलली नाही. पण तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात तो चालू केला की पाच मिनिटांत आख्ख्या जिन्याची लाईट जायची आणि खालचे लोक वर येऊन दारात उभे राहायचे. नाझनीन दहाला ऑफिसला गेली की मागं हे दोघं, डोक्यावर तापलेला स्लॅब आणि कोपऱ्यात गरम वारा फेकणारा कूलर.

तिसऱ्या दुपारी हुसेनबीचं तोंड लालबुंद झालं आणि त्या एकच गोष्ट दोन-दोनदा विचारायला लागल्या. बायकोला धरून खाजामियाँनी खाली आणलं, रिक्षात बसवलं आणि म्हणाले, "बाबा, कुठंबी ने, पण गार जागी ने."

रिक्षावाला भला निघाला. आधी कपड्याच्या मोठ्या दुकानात नेलं, तिथं सातव्या साडीनंतर सेल्समननं घड्या घालायला घेतल्या. मग दवाखान्याच्या वेटिंगमध्ये नेलं, तिथं नर्स नंबर विचारायला लागली. एटीएममध्ये सात मिनिटं काढली तर बाहेर रांग लागली. शेवटी रिक्षावाला डोकं खाजवत म्हणाला, "अजबखान्यात एक खोली लई गार हाय, चाचा. पण तिथं नुसतं बसू देत न्हाईत. बघावं लागतंय."

"बघू की," खाजामियाँ म्हणाले. "डोळे हायत."

अजबखाना म्हणजे एका ट्रस्टचं वस्तुसंग्रहालय. ट्रस्टचं मोठं ऑफिस लातूरला, ही नांदेडची शाखा. तीन दालनं. पहिलं मूर्तींचं, तिथं पंखासुद्धा नाही. दुसरं हत्यारांचं, तिथं एक पंखा, तोही तोफेच्या तोंडावर. तिसरं पोशाखांचं, आणि तिथं एसी, बावीस डिग्री. आता तुम्हीच सांगा, मे महिन्यात गर्दी कुठं असणार? नऊशे वर्षांच्या मूर्तींकडं ढुंकूनही न बघता माणसं तिसऱ्या दालनात घुसत होती.

त्या दालनाच्या मधोमध काचेचं कपाट, आणि कपाटात एक जांभळ्या मखमलीची, जरीच्या कामाची शेरवानी. शेजारी पाटी. 'निजामकालीन उमरावाची शेरवानी. अंदाजे दीडशे वर्षांपूर्वीची. कारागीर अज्ञात.' आणि दारावर दुसरी पाटी. 'वातानुकूलन यंत्र पोशाखाच्या रक्षणार्थ आहे, प्रेक्षकांच्या नव्हे.' ही दोन्ही वाक्यं रेणुकादास सरांची. आधी इतिहासाचे मास्तर, आता इथले मुख्य. कापड जुनं आहे, गारव्याशिवाय मरेल, असे अर्ज तीन वर्षं करकरून त्यांनी तो एसी आणला होता.

पहिल्या दिवशी खाजामियाँनी कपाटाकडं बघितलंच नाही. ते बाकावर बसून बायकोच्या तोंडाकडं बघत राहिले. अर्ध्या तासानं लाली उतरली, हुसेनबीनं पदरानं मान पुसली आणि म्हणाल्या, "किती गार हाय हो." तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला.

तिसऱ्या दिवशी मात्र त्यांनी मान वर केली. टेलर माणूस, आधी गळा बघितला. गळा ओळखीचा वाटला. बाह्या ओळखीच्या वाटल्या. डावा खांदा बघितला आणि बावीस डिग्रीत त्यांना दरदरून घाम फुटला.

ती शेरवानी त्यांनीच शिवली होती! पस्तीस वर्षांपूर्वी, औशाच्या गुरुबसप्पा बँडमास्तरसाठी. गुरुबसप्पानं मास्तर व्हायच्या आधी बारा वर्षं डाव्या खांद्यावर ढोल वाहिला होता, तो खांदा दीड बोट खाली गेलेला. तो थोडा तरी भरून काढायला त्या दिवशी दुकानात कापूस नव्हता, म्हणून खाजामियाँनी खताच्या पोत्याची चौपदरी घडी आत घातली होती. तिच्यावर, अस्तराखाली, मापाची चिठ्ठी टाचली होती. ही त्यांच्या उस्तादाची शिकवण. गिऱ्हाईक पुढं कधी कपडा सैल करायला आलं, तर नव्यानं माप घ्यायला नको.

आणि पाचवं काज. ते कापत असताना आतल्या खोलीत हुसेनबी अडली होती, आणि सुईण ओरडली, "पोरगी झाली!" कात्री सटकली. बटणाएवढं काज बोटभर लांब फाटलं. वरात तोंडावर, मखमल संपलेली. खाजामियाँनी त्या फाटीवर जरीचं एक पान भरलं आणि गप बसले. गुरुबसप्पाला ते फार आवडलं होतं. पुढं डीजे आले, बँड बसला, बँडची ट्रंक भंगारात गेली, भंगारातून ती कुण्या गढीच्या सामानात मिसळली, आणि आता पाटीवर खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'पाचव्या काजाजवळील पान हे उमराव घराण्याचे खास चिन्ह.'

खाजामियाँ सांगायला वळले. बघतात तर हुसेनबी बसल्या जागी झोपलेली. श्वास एकसारखा, कपाळ कोरडं. त्यांनी दारावरची पाटी पुन्हा वाचली. एसी पोशाखासाठी. पोशाख बँडवाल्याचा निघाला तर एसी जाणार, आणि ही बाई पुन्हा त्या स्लॅबखाली. त्यांनी उघडलेलं तोंड मिटलं. पण 'कारागीर अज्ञात' हे दोन शब्द बाभळीच्या काट्यासारखे रुतून बसले. आयुष्यात एकदा आपलं काम काचेत ठेवलं गेलं, सलाम करून लोक बघतात, आणि आपण नऊ फुटांवर अज्ञात म्हणून बसलोय! कुणाला राग येणार नाही?

दुसऱ्या आठवड्यात दालनात पाय ठेवायला जागा उरली नाही. बायका लसूण सोलायला घेऊन यायला लागल्या. कुणी उशी आणली. तेव्हा रेणुकादास सरांनी नियम काढला. एक तास मोफत बघा. त्यापुढं थांबायचं असेल तर शेरवानीवरच्या एका प्रश्नाचं उत्तर द्या, पुढचा एक तास मिळेल. चुकलात तर तासभर हत्यारांच्या दालनात. परीक्षा घ्यायला रखवालदार वैजनाथ, हातात वही.

सरांना वाटलं गर्दी पांगेल. कसली पांगते! लोक अभ्यासाला लागले. सौदामिनीबाई म्हणून एक रिटायर गणिताच्या बाई रोज यायच्या, त्यांनी कोपऱ्यात शिकवणीच चालू केली. झेरॉक्स नोट्स काढल्या, संभाव्य प्रश्न काढले. डावा खांदा खाली का? तलवारीची जखम. कंबर ढगळ का? आत खंजीर. पाचव्या काजाजवळ काय? पान. एक रिटायर क्लार्क तर आठवडाभर अभ्यास करून रडत म्हणाले की हा उमराव आपला खापरपणजोबा आहे, नाक अगदी तसंच असणार.

आणि नापास कोण झालं? खाजामियाँ.

"चाचा, डावा खांदा कामून खाली हाय?" वैजनाथनं विचारलं.

"ढोल वाहून," खाजामियाँच्या तोंडून निघून गेलं.

"चूक! तलवारीची जखम. चला, तोफेजवळ."

दुसऱ्या दिवशी कंबर ढगळ का, तर ते म्हणाले, जेवणावळी लई व्हायच्या, पोट सुटणार हे दिसतच होतं. पुन्हा तोफेजवळ. हुसेनबी मात्र रोज पास. ठणठणीत आवाजात म्हणायच्या, "तलवारीची जखम," आणि आत बसायच्या. शेवटी या माणसानं, ज्यानं तो एकेक टाका घातला होता, त्यानं बायकोशेजारी बसता यावं म्हणून सौदामिनीबाईंच्या नोट्स पाठ केल्या. संध्याकाळी नाझनीननं विचारलं, "अब्बा, काय वाचून राहिलात?" तर म्हणाले, "माझा इतिहास," आणि चादर तोंडावर घेतली.

मग लातूरची बातमी आली. तिथल्या ऑफिसात मीटिंगची खोली फार तापते, तेव्हा नांदेडच्या शेरवानीला एसीची खरंच गरज आहे का, हे तपासायला कापडाच्या तज्ज्ञ बाई येणार. गरज नसली तर एसी लातूरला. दालनात एकच हलकल्लोळ. "लातूरवाले बघा, नुसता आपल्या गारव्यावर डोळा!" कुणीतरी म्हणालं आणि सगळे खाजामियाँकडं बघायला लागले, कारण औसा लातूर जिल्ह्यात.

"मी काय डोक्यावर घेऊन जाऊ का एसी?" खाजामियाँ चिडले. पण त्यांना रात्रभर झोप लागली नाही. अस्तर उघडलं तर खताचं पोतं बाहेर येणार हे त्या गावात त्यांना एकट्यालाच माहीत होतं.

भार्गवी मॅडम आल्या. तिशीची मुलगी, खांद्याला पिशवी, पिशवीत भिंग. कपाट उघडून शेरवानी टेबलावर आडवी ठेवली. चाळीस माणसं भिंतीला चिकटून उभी. दहा मिनिटं भिंग फिरलं, पाचव्या काजाशी थांबलं, डाव्या खांद्याशी थांबलं. खांदा दाबल्यावर आतून कुरकुर असा आवाज आला.

"सर, अस्तर उघडावं लागेल," त्या म्हणाल्या. रेणुकादास सर खुर्चीवर बसले. "इथं हलक्या हाताचं कुणी आहे का? मखमल खेचली जायला नको."

"आमचे चाचा टेलर हायत!" चार-पाच जण एकदम म्हणाले.

"हायत, पण दोनदा नापास हायत," वैजनाथनं वही बघून सांगितलं.

खाजामियाँ पुढं झाले. कात्रीचं टोक त्यांनी पस्तीस वर्षांपूर्वीच्या आपल्याच टाक्याखाली घातलं. टाका बरोबर सुटला. दुसरा सुटला. आतून आधी चिठ्ठी दिसली. बोटांत सुया लपवून आयुष्य गेलेला माणूस, ती चिठ्ठी त्यांनी कुणाला दिसायच्या आत तळहातात घेतली. वाचलो, असं त्यांना वाटलं. पण चिठ्ठीखाली पांढरं पोतं होतं, आणि त्यावर हिरव्या अक्षरात 'युरिया'. ते काय तळहातात मावणार होतं?

टेबलावर वाकलेल्या दोघांनीच ते पाहिलं. भार्गवी मॅडम सरळ झाल्या. सुस्कारा टाकून म्हणाल्या, "सर, वाईट वाटतं सांगायला. हे नकली आहे."

सरांचं तोंड एवढंसं झालं. तीन वर्षांचे अर्ज, आणि आता लोक म्हणणार मास्तरनं फसवलं. खाजामियाँनी बाकाकडं बघितलं. हुसेनबी पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसलेली, शांत. गप राहायचं. एक बोट हलवायचं नाही. पण तो शब्द त्यांच्या आरपार गेला.

"नकली म्हणू नको, बेटा," त्यांचा आवाज फाटला. "जुनी न्हाई म्हण. बँडवाल्याची हाय म्हण. पोतं घातलं म्हणून मला शिव्या दे. पण नकली म्हणू नको. एकेक टाका खरा हाय. मी घातलाय."

आणि बघा गंमत, कुणीच विश्वास ठेवेना. "चाचांना ऊन लागलंय," सौदामिनीबाई म्हणाल्या. कुणी म्हणालं, बावीस डिग्रीत कसलं ऊन? "तरी म्हणलं, चाचांचा अभ्यास कच्चा हाय," वैजनाथ म्हणाला. ते रिटायर क्लार्क ओरडले, "म्हणजे माझे खापरपणजोबा लग्नात बाजा वाजवायचे काय?" रेणुकादास सर तर हात जोडून म्हणाले, "खाजामियाँ, आपण शिवणातले. इतिहास आमच्याकडे राहू द्या."

खाजामियाँना त्यांच्याशी भांडायचंच नव्हतं. ते बायकोसमोर जाऊन उभे राहिले. डोळे भरले होते. "माफ कर. तुझा गारवा घालवला मी."

"घालवा," हुसेनबी उठत म्हणाल्या. "तीन आठवडे झाले, त्या पाटीकडं बघून दात खाऊन राहिलात. मला दिसत न्हाई का?" मग त्या थेट टेबलाशी गेल्या आणि शेरवानीचा घेर उलटा करून मॅडमसमोर धरला. "ही तुरपाई बघा, बाई. ही माझी हाय. नववा महिना चालू होता, पायाला सूज, तरी ह्यांनी रात्रंदिवस बसवलं होतं. पहिल्याच दिवशी ओळखली मी."

खाजामियाँ बघतच राहिले. "मग बोलली कामून न्हाईस?"

"तुम्ही रोज एवढ्या हौसेनं बघत होता. मी बोलले असते तर तुम्हाला बघायला राहिलं असतं का?"

खाजामियाँनी मूठ उघडून चिठ्ठी मॅडमच्या हातात दिली. कागद पिवळा, पेन्सिलीचं अक्षर. भार्गवी मॅडमनं मोठ्यानं वाचली. "गुरुबसप्पा. छाती बेचाळीस. डावा खांदा दीड बोट खाली. बुधवारी द्यायची." बुधवार खोडलेला होता. खाली लिहिलं होतं, "मुलगी झाली. शुक्रवारी देऊ."

"साल कुठंय यावर?" त्यांनी विचारलं.

"साल कशाला लिहू? शुक्रवारी द्यायची होती," खाजामियाँ म्हणाले.

मॅडमनं दालनभर नजर फिरवली. चाळीस माणसं, सोललेल्या लसणाचं ताट, खिडकीबाहेर पांढरं ऊन, आणि टेबलाला धरून उभी असलेली ती म्हातारी. मग खुर्ची ओढून त्या लिहायला बसल्या, आणि लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. "पोशाख अस्सल. साल नमूद नाही. कारागीर खाजामियाँ व हुसेनबी, औसा. अशा पोशाखाचे कारागीर हयात सापडणे अत्यंत दुर्मीळ. पोशाख व कारागीर एकत्र, बावीस अंशांत, दुपारी बारा ते पाच जतन करणे अत्यावश्यक."

"मॅडम," रेणुकादास सर चाचरत म्हणाले, "माणसं जतन करायचा नियम आहे का?"

"करू नयेत असाही कुठे नाही."

लातूरहून आठ दिवसांत उत्तर आलं. अहवाल मंजूर, दोन्ही कारागिरांचे नोंदणी क्रमांक कळवावेत. सरांनी कळवले, शेरवानी एकशे चौदा, तर हे एकशे चौदा अ आणि एकशे चौदा ब. कपाटाशेजारी दोन खुर्च्या आल्या, भोवती दोरी आली. पाटी नवी झाली. सौदामिनीबाईंनी नोट्सची सुधारित आवृत्ती काढली, पण तलवारीच्या जखमेवर त्यांचा अजून विश्वास होता, तेवढं त्यांनी तळटीपेत ठेवलं. आणि खुर्चीत बसल्या बसल्या खाजामियाँना डुलकी लागली की वैजनाथ हळूच म्हणायचा, "एकशे चौदा अ, जागे व्हा, लोक बघून राहिले."

रविवारी नाझनीन आली. आईबाप रोज दुपारी कुठं जातात ते तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. दोरीच्या आत बसलेले दोघं बघून ती आधी खळखळून हसली. मग तिनं पाटी वाचली. काचेतली ती पिवळी चिठ्ठी वाचली. मग शेरवानीसमोर उभी राहिली ती हललीच नाही. खाजामियाँनी तिला हाक मारायला तोंड उघडलं, तर हुसेनबीनं त्यांचा हात दाबला.

तास झाला. वैजनाथ तिला ओळखत नव्हता. वही घेऊन तो तिच्याजवळ गेला. "ताई, वेळ संपली. थांबायचं असेल तर उत्तर द्यावं लागतंय. पाचव्या काजाजवळ काय हाय?"

नाझनीननं काचेवरून नजर काढली नाही.

"मी हाय," ती म्हणाली.

वैजनाथनं नोट्स चाळल्या, नव्या पाहिल्या, जुन्या पाहिल्या. मग दोरीपलीकडच्या दोघांकडं बघितलं. खाजामियाँ तोंडावर रुमाल धरून बसले होते. त्यानं वहीत 'बरोबर' असं लिहिलं आणि तिला आणखी एक तास दिला.